डाव्या खांद्याचा दस्ता

सिप्रियन लोपीसची बंदूक माकडांवर झाडताना मोडली असती, तर चार लोकांत सांगायला तरी बरं होतं. ती मोडली सिप्रियनच्या ढुंगणाखाली.

फेब्रुवारीतली सकाळ, साडेसातचा सुमार. पेरूवर टोळी उतरली, जीनानं हाक मारली आणि चौऱ्याहत्तर वर्षांचा हा माणूस हाफपँटवर, पायात सपाता अडकवून, बंदूक घेऊन निघाला. बावखलाच्या, वाडीतल्या तळ्याच्या, काठानं गेलं की दहा पावलं वाचतात. ती दहा पावलं वाचवताना पाण्यालगतच्या शेवाळावरून त्याचा पाय निसटला आणि तो बसला तो थेट बंदुकीवर. कट् असा आवाज झाला. त्याला वाटलं, कंबर गेली. हात फिरवून बघितला तर कंबर जागेवर होती. बंदुकीचा लाकडी दस्ता मात्र मानेत मोडला होता. नळी एका बाजूला, खांद्याला लावायचं लाकूड दुसऱ्या बाजूला.

पेरूवरच्या थोराड माकडानं खाणं थांबवून हा प्रकार पाहिला आणि पुन्हा खायला सुरुवात केली.

जीना धावत आली. तिनं आधी बंदूक उघडून काडतूस काढलं, खिशात टाकलं आणि मग बापाच्या काखेत हात घातला.

"लागलं का, पपा?"

"बंदुकीला लागलं."

"ते दिसतंय. तुम्हाला?"

"मला काय होतंय," म्हणत तो उठला आणि पुढचे चार दिवस कुशीवर झोपला.

एकनळी, बारा बोअरची ही बंदूक त्याच्या बापानं, इनासनं, घेतलेली. इनास गेल्यावर पीकसंरक्षणाचा परवाना सिप्रियनच्या नावावर झाला, त्याला आता त्रेचाळीस वर्षं झाली. एवढ्या काळात बंदुकीनं काय काय टिपलं ते गावाला तोंडपाठ होतं: एक कोल्हा, जो मेलेला कोणी पाहिला नाही; शेजारच्या मर्विनची पाण्याची टाकी, जी सगळ्यांनी पाहिली; आणि सिप्रियनचा उजवा गाल. बार काढायचा तो हवेतच, जनावर पळवण्यापुरता. तरी दर बाराला लाकूड उसळून त्याच्या गालफडावर बसे आणि तिथं जांभळा डाग उठे. रविवारी मिस्साला डाग ताजा दिसला की देवळाच्या पायरीवर कोणीतरी विचारायचंच, "सिप्रू, माकडं आली होती वाटतं?" त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं. "बंदूक तगडी आहे बाबा. येरागबाळ्याचं काम नाही."

फटाक्यांना माकडं आठवड्याभरात सरावली होती. इथं कुणाच्या वाढदिवसाला केक कापला तरी माळ लागते. माकडांनी तरी किती वेळा घाबरायचं? बंदुकीच्या एका बारानं मात्र ती चार दिवस रेल्वेपलीकडं राहत. जीनाचा पेरू बाजारात जायचा तो त्या चार-चार दिवसांच्या सवलतीवर.

बंदूक मोडली तीही नेमकी नको त्या महिन्यात. महापालिकेच्या निवडणुकीला जमा केलेली बंदूक परत घ्यायला तो गेला होता, तेव्हा परवाना शाखेतल्या साहेबानं त्याच्या जाड चष्म्याकडं बघत सांगितलं होतं, "काका, आता वय झालं. वारसाच्या नावावर करून घ्या. मार्चअखेर अर्ज, आणि हत्यार चांगल्या स्थितीत पाहिजे. नाहीतर जमा करा."

"मुलगा आहे ना मला," सिप्रियन ताबडतोब म्हणाला होता.

मुलगी पण होती. ती तेव्हा बाहेर बाकावर बसली होती, कारण स्कूटर तिनं चालवली होती.

मुलगा फ्लॉईड अंधेरीच्या ऑफिसात, राहायला स्टेशनजवळच्या फ्लॅटमध्ये, बायको टिफनी. जीना त्याच्याहून तीन वर्षांनी धाकटी, त्रेचाळीसची. तिचं लग्न आधी जमलं नाही, मग जमवायचं राहून गेलं. बापाचे गुडघे गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, तीस गुंठ्यांची वाडी तीच करत होती: केळी, पेरू, कडेनं सोनचाफा. सिप्रियन रोज सकाळी खुर्ची टाकून बसे आणि तिला तिनं करून संपवलेली कामं सांगे.

बंदूक सुताराला दाखवायची नाही, कायदा आहे, एवढं त्याला माहीत होतं. म्हणून बापलेक कागदपत्रं घेऊन ठाण्याच्या परवानाधारक बंदूकवाल्याकडं गेले. त्यानं तुकडे उलटसुलट करून पाहिले.

"अक्रोडाचा दस्ता मागवावा लागेल. तीन महिने."

"मार्चअखेर अर्ज आहे."

"मग असं करा. लाकूड तुमच्याकडच्या चांगल्या सुताराकडून करून आणा. लोखंड इथून हलणार नाही. बसवणार मी, पावती माझी." त्यानं मळसूत्रं काढून मोडक्या दस्त्याचे दोन तुकडे वर्तमानपत्रात बांधून दिले.

चांगला सुतार म्हणजे गंगाराम. सिप्रियनच्याच आळीतला, त्याच्याच वर्गातला. पन्नास वर्षं त्यानं गावाची दारं, पलंग, देवळातली बाकं आणि शवपेट्या केल्या. आता मुलाच्या फ्लॅटवर, फुलपाड्याला राहत होता. तिथं गॅलरीत रंधा मारला की भुसा खालच्यांच्या वाळत टाकलेल्या कपड्यांवर पडे आणि भांडण वर येई. शेवटी बायकोनं, प्रेमलानं, रंध्यासकट त्याला मुलाच्या कारखान्यात धाडलं. मयूरचा कारखाना वालीवला, मशिनरीची लाकडी खोकी ठोकायचा. तिथं एका कोपऱ्यात गंगारामचं बाकडं होतं. कोणी त्याला काम सांगत नसे, आणि सगळ्यांना तो त्यांची कामं कशी चुकली ते सांगे.

"ये सिप्र्या. कोणाला पुरायला आणलंस?" वर्तमानपत्राचं बोचकं बघून तो ओरडला.

"उघडून बघ."

गंगारामनं तुकडे मांडीवर घेतले. मोडलेल्या मानेवरून अंगठा फिरवला, मग मागची बाजू उजेडाला धरली.

"हा तात्यांच्या हातचा."

"तुझ्या बापाच्या? कशावरून?"

"हा घाव बघ, उभा. तात्यांच्या पटाशीला इथं दाता पडला होता. नवी घ्यायला त्यांच्या जिवावर यायचं. आमच्या घरातल्या पाटावर पण हाच ओरखडा आहे." त्यानं दोन्ही तुकडे जुळवून सुतळीनं आवळले, बाकड्यावर ठेवले आणि मानेच्या मध्यापासून मागच्या टोकापर्यंत एक दोरा ताणून धरला. एक डोळा मिटला. मग दुसरा मिटून बघितलं.

"काय झालं?"

"मध्यावर नाही. तीन सूत बाहेर आहे."

"जुना झालाय. वाकला असेल."

"शिसव आहे ते. वाकायला काय पडवळ आहे?" गंगारामनं दोरा सोडला. "मुद्दाम केलाय. डाव्या खांद्याचा दस्ता आहे हा. तुझा बाप डावरा होता ना?"

"होता. कोयता डाव्या हातानं चालवायचा."

"मग तू कोणत्या खांद्याला लावायचास?"

सिप्रियननं नकळत गाल चोळला. गंगारामनं त्याच्या उजव्या गालाकडं पाहिलं, मग दस्त्याकडं, मग परत गालाकडं. आणि असा हसला की खिळे ठोकणारे दोघे थांबून बघायला लागले.

"त्रेचाळीस वर्षं? अरे, डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात घालून तू त्रेचाळीस वर्षं चाललास, आणि वर गावाला सांगितलंस, चप्पल तगडी आहे म्हणून?"

"हळू बोल."

"हळू काय बोल! मयूर, इकडं ये जरा, आमच्या सिप्रियनकाकांचा गाल बघ."

मयूर आला नाही, हे त्या दिवसातलं एकच बरं झालं.

हसणं ओसरल्यावर गंगारामनं डोळे पुसले. बाकड्याखालून एक काळपट शिसवी ठोकळा ओढून काढला. "साग नको, मानेत फुटेल. हा घे. देवळातला जुना कठडा काढला तेव्हा फादरनं मला दिला होता. निम्मं गाव ह्याच्यापुढं गुडघ्यावर बसलंय. आता सांग, कोणाच्या हाताचा करू?"

"सरळ कर. कोणालाही चालेल असा."

"सरळ ती खोकी चाललीत बघ तिकडं. दस्ता कोणाला तरी करतात. तुझा करू?"

"माझा नको. परवाना फ्लॉईडच्या नावावर होणार."

"मग त्याच्या हाताचं माप आण. हात कोपरात मोडायचा आणि तिथल्या खोबणीपासून चापावरच्या बोटापर्यंत. आणि कोणत्या खांद्याचा ते सांग."

"उजव्या."

"नीट विचारून सांग बाबा. तुमच्या घरात हे बघायची पद्धत दिसत नाही."

रविवारी फ्लॉईड आणि टिफनी जेवायला आले. जेवणाआधीच सिप्रियननं बायकोची, इनेझची, शिवणाची टेप काढली आणि मुलाच्या हातात बंदुकीऐवजी छत्री दिली. फ्लॉईडनं ती धरली.

"अरे, खांद्याला लाव. घट्ट."

"अशी?"

"सेल्फी काढतोयस का, फ्लॉईड?" टिफनी सोफ्यावरून म्हणाली.

फ्लॉईड हसला, छत्री खाली ठेवली. "पपा, सिरीयसली, मी बंदूक घेऊन करणार काय? सोसायटीची कमिटी मला बिल्डिंगमध्ये घेईल का? सरेंडर करून टाका ना."

"घरात मुलगा असताना सरेंडर?" इनेझ स्वयंपाकघराच्या दारात आली. "फ्लॉईडचे पपा, ऐकताय का?" लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, त्यातली शेहेचाळीस ती त्याला ह्याच नावानं हाक मारत होती.

"बरं, मग नाव माझं लावा," फ्लॉईड म्हणाला. "बंदूक इथं राहू दे. वाजवायला जीना आहेच."

जीना पेरूची क्रेटं मोजून आत येत होती. हात धुता धुता म्हणाली, "परवाना तुझा आणि बंदूक माझ्या हातात दिसली, तर मी आत जाणार. जामीन तू राहशील?"

"तू पण ना, जीना."

"नाही, विचारून ठेवते. रविवारी जेवायच्या वेळेलाच सुटायला पाहिजे ना मला, भात लावायला."

सगळे हसले. फ्लॉईडचं माप पंधरा इंच भरलं.

चार वाजता पाहुणे इंदयाल मटणाचा डबा घेऊन गेले. सिप्रियन टेप खिशात तशीच ठेवून वाडीत खुर्चीवर बसला. पलीकडं जीना केळीचा लोंगर उतरवत होती. उजव्या हातानं तिनं लोंगराचा दांडा पेलला, डाव्या हातात कोयता घेतला आणि एका घावात तोडला. पानं छाटली तीही डाव्या हातानं. बाजारातून टेम्पोवाला जेन्सन आला, तशी तिनं कोयता उजव्या हातात घेतला. तो लोंगर घेऊन गेला, कोयता परत डावीकडं गेला.

हे त्यानं तीस वर्षं रोज पाहिलं होतं. पाहिलं होतं म्हणजे डोळ्यांसमोर घडत होतं.

पहिल्या कम्युनियनच्या वर्षी जीना डाव्या हातानं छातीवर क्रूस काढायची. शिकवणाऱ्या सिस्टरनं एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागू नये म्हणून त्या उपवासकाळात सिप्रियननं सकाळ-संध्याकाळ तिचा डावा हात स्वतःच्या रुमालानं फ्रॉकच्या पट्ट्याला बांधला. चाळीस दिवस. आठ वर्षांची पोर एका हातानं पेज जेवली, एका हातानं दप्तर सांभाळत शाळेत गेली. ईस्टरला तिनं उजव्या हातानं असा सुबक क्रूस काढला की फादरनं सगळ्यांदेखत शाबासकी दिली. सिप्रियनला दिली, तिला नाही.

खिशातली टेप त्यानं काढली, गुंडाळली, परत ठेवली.

सकाळी जीना कोवळ्या पेरूंना जाळीच्या पिशव्या घालत होती. तो जाऊन शेजारी उभा राहिला.

"हात दे."

"कशाला?"

"माप घ्यायचंय."

"कसलं? ब्लाउज शिवताय?"

"दस्त्याचं."

"काल दादाचं घेतलंत ना?"

"ते रद्द. परवाना तुझ्या नावावर करतो."

जीनानं हातातल्या पिशवीची दोरी बांधली. दुसरी पिशवी घेतली, तीही बांधली. "मला देणार नाहीत."

"न द्यायला काय झालं? मी सांगितल्यावर?"

"परवाना पिकाच्या राखणीचा आहे. पीक कोणाचं? सातबाऱ्यावर माझं नाव आहे का कुठं? तुम्ही बंदूक घ्यायला आत गेलात, तेव्हा मी खिडकीवरच्या मॅडमना विचारलं होतं."

"म्हणजे तू आधीच चौकशी करून बसलीयस."

"दीड तास बाकावर बसले होते. काहीतरी करायलाच पाहिजे होतं."

"म्हणजे तुला बंदूक नको, वाडी पाहिजे."

"राखण करायला माणूस पाहिजे असेल, पपा, तर वॉचमन ठेवा. तो शिट्टी पण वाजवतो."

"बापाशी सौदा करतेस?"

"नाही. माप द्यायला नाही म्हणतेय फक्त." ती पुढच्या झाडाकडं गेली.

सिप्रियन तीन दिवस घरात कोणाशी बोलला नाही. त्याचा त्रास त्याच्याशिवाय कोणालाच झाला नाही, कारण पाणी सोडायचं कुठलं, खत टाकायचं कधी, हे त्याला विचारायची गरज घरात कोणाला पडत नव्हती. माकडं दोनदा येऊन गेली. जीनानं डबे बडवले. माकडांनी ते ऐकून घेतलं.

चौथ्या दिवशी इनेझ पडवीत बोंबील साफ करत बसली होती. तो समोर येऊन बसला.

"वाडी तिच्या नावावर केली तर?"

इनेझनं सुरी थांबवली नाही. "आणि फ्लॉईड?"

"रस्त्याकडची पट्टी विकून फ्लॅट कोणाला घेऊन दिला?"

"तो मुलगा आहे. त्याला दिला म्हणून काय झालं! पण वाडी गेली तर तो पाय ठेवील का इथं?"

"आत्ता कशाला ठेवतो?"

"रविवारी येतो ना."

"जेवायला."

"जेवायला तर जेवायला. येतो." ती बोंबलाचं डोकं उडवत म्हणाली. तिनं आणखी चार बोंबील साफ केले. मग तिनं विचारलं, "तुम्ही तिचा हात बांधायचात, आठवतं?"

"मध्येच ते कशाला?"

"सकाळी तुम्ही बांधून वाडीवर गेलात की शाळेतून आल्यावर गाठ मी सोडायचे. तुमची यायची वेळ झाली की परत बांधायचे. तीच हात पुढं करायची, 'ममी, पपा येतील' म्हणून." इनेझनं सुरी पाण्यात बुडवली. "करा काय करायचं ते. पण फ्लॉईडला तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

त्यानं रविवारी सांगितलं. सांगायची पद्धतही त्याची अशी, की फ्लॉईडच्या तोंडात घास असताना. फ्लॉईडनं घास गिळला.

"सगळी?"

"तीस गुंठे म्हणजे काय सगळी? उरलीय तेवढी."

"आणि तिच्यानंतर?"

"ते ती बघेल."

"जीना, हे तुझं डोकं?"

"अर्धं माझं," जीना म्हणाली. "अर्धं माकडांचं."

ह्या वेळी कोणी हसलं नाही. टिफनीनं ताट सारलं. "आपल्याला निघायला पाहिजे, फ्लॉईड. ट्रॅफिक लागेल." रविवारी दुपारी दीड वाजता. वारसांच्या ना-हरकतीचा कागद सिप्रियननं पुढं केला, तो मात्र फ्लॉईडनं उभ्या उभ्या सही करून दिला. "बंदुकीला माझी हरकत नाही," तो म्हणाला, 'बंदुकीला' हा शब्द नीट दाबून. इनेझनं भरलेला डबा टेबलावर राहिला. पुढचे दोन रविवार पाच माणसांचा भात शिजला आणि तिघांनी खाल्ला. तिसऱ्या रविवारी इनेझनं तांदूळ मोजून घेतले.

बक्षीसपत्राची नोंदणी झाली. तलाठ्याकडं फेरफारासाठी कागद गेले. नोंदणी झाली त्याच दुपारी, ऑफिसातून बाहेर पडताच, जीनानं स्कूटर घराकडं न वळवता वालीवचा रस्ता धरला.

"इकडं कुठं?" मागं बसलेल्या सिप्रियननं विचारलं.

"माप द्यायला."

गंगारामनं तिला बाकड्यासमोर उभं केलं. टेप गळ्यात, पेन्सिल कानावर. "हं, हात मोड कोपरात."

जीनानं उजवा हात पुढं केला.

"हा नको, बाय. दुसरा."

ती थांबली. कारखान्यात चारपाच माणसं होती, खिळे ठोकणं चालू होतं, मयूर फोनवर कोणाला तरी खोकी कधी मिळतील ते सांगत होता. तिनं एकदा बापाकडं बघितलं. सिप्रियन भिंतीला लावलेल्या पाइनच्या फळ्या एक, दोन करत मोजण्यात गढला होता. मग तिनं डावा हात मोडून पुढं केला, आणि तो असा धरला, जणू अजून कोणीतरी फटका मारेल.

"सैल सोड. मी काय इंजेक्शन देतोय?" गंगारामनं टेप लावली. "पावणेचौदा. तुझ्या आज्याचा हात लांब होता, पण खांदा हाच. मान वळव बघू. हनुवटी टेकव. बरोबर. तात्यांनी केला होता तसाच करतो, फक्त सव्वा इंच आखूड."

पुढं आठ दिवस सिप्रियन रोज रिक्षानं वालीवला जाऊन बसला. जायची गरज नव्हती. गंगारामनं ठोकळ्यावर जुन्या दस्त्याची आकृती काढली, करवतीनं बाहेरचं लाकूड उडवलं, रंध्यानं बाजू उतरवल्या. मानेला आला तेव्हा रंधा ठेवून त्यानं कानस घेतली आणि चार घासे मारले की दर वेळी मुठीत धरून पाही. लोखंड जिथं बसायचं तिथली खोबण तो जुन्या तुकड्यावरून पटाशीनं कोरत होता. कागद सरकेल एवढंही अंतर राहिलं तर बाराच्या धक्क्यानं मान जाते. मध्ये दोन दिवस त्याचा हात कापायला लागला, तर त्यानं काम बंद ठेवून नुसत्या गप्पा मारल्या.

"तुला कधीच कळलं नाही?" तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं. ह्या वेळी हसला नाही.

"वाटायचं, मलाच जमत नाही."

"मग कोणाला विचारायचंस."

"बापाची बंदूक. विचारायचं काय?"

गंगारामनं पॉलिश पेपर फिरवला, चिंधीनं जवसाचं बेलतेल चोळलं. लाकूड काळं होत गेलं. मजुरी घेताना त्यानं निम्मीच घेतली. निम्मी, म्हणाला, हसून वसूल झाली.

बंदूकवाल्यानं दस्ता लोखंडावर चढवला, दिव्याखाली फिरवून पाहिला, विचारलं, "कोणी केला?" आणि नाव लिहून घेतलं. मग रिकामी बंदूक त्यानं सवयीनं सिप्रियनपुढं धरली. सिप्रियननं ती घेतली आणि उजव्या खांद्याला लावली. लाकूड गालफडात घुसलं. बाजूला झाला. जीनानं डाव्या खांद्याला लावली, हनुवटी टेकवली, आणि तशीच उभी राहिली. बंदूकवाला म्हणाला, "झालं मॅडम, ठेवा." तरी ती दोन-चार क्षण तशीच होती. परवाना हातात येईपर्यंत बंदूक दुकानात ठेवून घ्यावी लागली.

अर्ज मार्चच्या अठ्ठावीस तारखेला गेला. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात स्थळपाहणीसाठी पोलीस ठाण्यातून हवालदार आले. उन्हानं घामाघूम झालेले. सिप्रियननं पडवीत खुर्ची दिली, इनेझनं कोकमाचं सरबत आणलं. हवालदारांनी मांडीवर फाइल उघडली.

"अर्जदार जीना सिप्रियन लोपीस. कुठं आहेत?"

"वाडीत. बोलावू?"

"राहू द्या, आधी हे भरून घेतो. वय त्रेचाळीस. अविवाहित." पेन चालत होतं. "व्यवसाय... घरकाम लिहितो."

"घरकाम नाही," सिप्रियन म्हणाला. "बागायतदार लिहा."

"त्या स्वतः करतात?"

"मग कोण करतं? केळी तिची, पेरू तिचा. हा सातबारा. नाव बघा."

हवालदारांनी कागद लांब धरून नाव वाचलं, 'घर' एवढं लिहून झालेलं खोडलं, वर बारीक अक्षरात 'बागायतदार' बसवलं. "शेजाऱ्याची एक सही लागेल साक्षीला. आणि घरातली माणसं लिहितो. आई, इनेझ, गृहिणी. वडील, सिप्रियन." त्यांनी मान वर केली. "तुमचा व्यवसाय, काका?"

त्रेचाळीस वर्षं प्रत्येक नूतनीकरणाला ह्या रकान्यात एकच शब्द पडत आला होता, आणि तो आत्ताच वरच्या ओळीत गेला होता. सिप्रियन लुंगीचं टोक सारखं करत बसला. हवालदार थांबले. सरबताचा घोट घेऊन परत थांबले.

केळीतून जीनाचा आवाज आला. "पपा! पंप बंद करा! पाणी पाटाबाहेर चाललंय!"

"आलो," सिप्रियन गुडघ्यावर हात देऊन उठला.

"काका, काय लिहू?"

"मदतीला असतो, लिहा," तो म्हणाला आणि सपाता शोधायला लागला.